उजव्या बाजूचं वजन

बाबा, मी रिव्हॉल्वर घेतलं हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात त्यानंतर पोलीस येऊन तुमचं घेऊन गेले, आणि आईने तुमच्या फोटोला हार घालता घालता मला बजावलं, की या घरात आता पुन्हा हत्यार येणार नाही. मी मान डोलावली होती. तेव्हा मी मेडिकलला होते आणि मला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. पुढे कसं काय झालं कोण जाणे, मी येऊन पडले तुरुंगाच्या दवाखान्यात. तुम्ही पोलिसांचं बोलावणं आलं की कोठडीतल्या माणसांना तपासायला जायचात, मी शिक्षा लागलेल्यांना तपासते. खाण तशी माती, दुसरं काय! आणि बेलफास्टच्या या बाजूला असल्या सरकारी कामाबरोबर बंडखोरांकडून जो जिवाचा धोका येतो, तो जसा तुमच्या वाट्याला आला तसाच माझ्याही आला.

दोनेक वर्षं झाली असतील. दुपारच्या चहाच्या वेळी दोन पोलीस घरी आले. बूट दाराशी काढू का म्हणून विचारलं, म्हणजे मराठी घरात पूर्वी गेलेले असणार. त्यातला मोठा अगदी हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, देअर्ज अ थ्रेट अगेन्स्ट यू. वी थिंक इट्स रिअल." कोण, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, इथे हे प्रश्न विचारून चहा गार करण्यापलीकडे काही होत नाही. तुमचा जावई आठवडाभर लंडनजवळ क्रॉयडनला असतो, शुक्रवारी घरी येतो. त्याच्या ऑफिसात कुणाला खरंच वाटत नाही की याच देशाच्या या कोपऱ्यात जिवाला धोका असलेल्या माणसाला रिव्हॉल्वर बाळगायचं लायसन्स मिळतं. मला मिळालं. दुकानदाराने आधी सहा गोळ्यांचं दाखवलं, तुमच्यासारखंच. त्याच्या शेजारी आठ घरांचं होतं, म्हणजे आठ गोळ्यांचं, जरा जाड, जरा जड. मी आठचं घेतलं. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "सहात जमलं नाही तर उरलेल्या दोनांत काय दिवे लावणार आहेस?" खरं आहे. पण भीती वाढली की माणूस घरं मोजायला लागतो, हे तुम्हालाही माहीत असणार.

ते वजन कसं असतं हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे तुमच्या कमरेला ते होतं हे माहीत होतं, पण त्याने माणूस उजवीकडे किंचित कलतो, खुर्चीत बसताना आधी हात मागे नेतो, खाली पडलेला चमचा उचलायला वाकत नाही तर गुडघ्यात बसतो, हे आता कळलं. साडी तर मी सोडूनच दिली. मंडळाच्या गणपतीला लांब कुर्ता, वर सैल जाकीट, आणि कुणी गळ्यात पडायला आलं की मी डावा खांदा पुढे करते. बायकांना वाटतं मला शिष्टपणा आला. वाटू दे. आई सगळ्यांना सांगते, हिची कंबर धरलीय. लहानपणी मी तुमच्या उजव्या बाजूला बसायला आले की तुम्ही काही न बोलता मला उचलून डावीकडे ठेवायचात. फिरायला जाताना डावीकडे, सोफ्यावर डावीकडे, विमानतळावर आजोबांना सोडून परत येताना मी रडत होते तेव्हाही डावीकडे. मला कित्येक वर्षं वाटायचं की सगळ्याच मुलांचे वडील असेच असतात.

रोज सकाळी तुम्ही गाडीपाशी गुडघे टेकायचात, हातात आईचा न्हाणीघरातला आरसा. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचात, किल्ली पडली. रोज किल्ली पडणारा डॉक्टर म्हणून तुमची गल्लीत थट्टा व्हायची, आणि ज्यांना खरं कळत होतं ते हसत नसत. मला मात्र वाटायचं तुम्ही गाडीला नमस्कार करता. दसऱ्याला करतोच ना आपण, मग तुम्ही जरा जास्त भाविक, रोज करता. मी शाळेत जाऊन तुमची नक्कलही करायचे. आता, खाली कुणी बॉम्ब लावला नाही ना हे बघायला, मीच मोबाईलचा टॉर्च लावून वाकते, ओल्या सिमेंटवर हात टेकते, आधी चाकांच्या आत बघते, मग मधे, आणि प्रत्येक वेळी मला तुमच्या पँटच्या गुडघ्यावरचे ते दोन काळे डाग आठवतात. आई ते साबणाने घासायची आणि तुम्हाला दुसरी पँट द्यायची.

आणि तुमचा तो नियम. कमरेला ते असताना आवाज चढवायचा नाही. "आवाज चढला की हात चढतो," म्हणायचात. तुम्ही तो नियम इतका पाळलात की आम्ही काचेचं कपाट फोडलं तरी तुम्ही खालच्या पट्टीत, "झाडू आणा" एवढंच म्हणायचात. सबंध वर्षात एकच दिवस मोकळा असायचा, खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. सकाळी तुम्ही गोळ्या काढून वेगळ्या कुलपात ठेवायचात, रिव्हॉल्वर तेलाच्या फडक्याने पुसायचात आणि देवापुढच्या पाटावर मांडायचात. त्याच्या शेजारी आईची विळी, तुमचा स्टेथोस्कोप, माझी कंपासपेटी. हळद, कुंकू, झेंडू. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "अहो, निदान बाहेर जाताना तरी घ्या, देव समजून घेईल." तुम्ही म्हणायचात, "देव घेईल, पण मीच नाही समजून घेणार." आणि तसेच, रिकाम्या कमरेने, कामावर जायचात. तुमच्यामागे पोलीस ते न्यायला आले तेव्हा मुठीच्या खाचेत कुंकू अडकलेलं होतं. "व्हॉट्स द रेड?" त्यातल्या एकाने विचारलं. आई म्हणाली, "इट गेट्स अ हॉलिडे. वन्स अ इयर."

तर त्या एका दिवशी तुम्ही ओरडायचात. वर्षभराचं. पूजा झाली, निरांजन शांत झालं, की संध्याकाळी कामावरून आल्यावर सुरू. दादाच्या केसांवरून, माझ्या गणितावरून, न मिटलेल्या गेटवरून, दुधाच्या रिकाम्या बाटल्यांवरून. आई चक्का फेटत बसायची आणि मधेच म्हणायची, "हं, ते राहिलं, मे महिन्यातलं." दादा आणि मी जिन्यावर बसून वाट बघायचो, आता कुणाची पाळी. एका वर्षी ती नुसती पाळी नव्हती. मी शाळेत एका मैत्रिणीला सांगितलं होतं की माझ्या बाबांकडे रिव्हॉल्वर आहे. फुशारकी, दुसरं काही नाही. ते कुणीतरी तुमच्या कानावर घातलं, शाळा नुकती उघडली होती तेव्हाच. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मला शाळेत सोडायचा रस्ता बदललात, एवढंच. आणि मग खंडेनवमीला, संध्याकाळची वाट न बघता, हात पुसून पाटापुढून उठलात, माझ्याकडे वळलात आणि असे ओरडलात की आईच्या हातातलं भांडं निसटलं. "तुझ्या एका वाक्याने आपण चौघं मेलो असतो! चौघं!" तुमची मान लाल झाली होती. इतके आठवडे तुम्ही तो राग कमरेच्या पट्ट्याखाली दाबून माझ्याशेजारी जेवत होतात. मी रडले, पण खरं म्हणजे मला हायसं वाटलं. का, ते शेवटी सांगते.

आता माझं ऐका. ही दोन वर्षं मीही आवाज चढवलेला नाही. नियम तुमचाच, पट्टा माझा. तुमची नात पंधरा वर्षांची आहे, आणि त्या वयात आईने ओरडू नये म्हणजे घरात पंखा नसलेला उन्हाळा. ती बारा वाजेपर्यंत फोन बघते, मी खालच्या पट्टीत सांगते. ती दार आपटते, मी खालच्या पट्टीत सांगते. मागच्या महिन्यात ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू नॉर्मल आयांसारखा ओरड ना. तू अशी शांत होतेस तेव्हा मला स्केअरी वाटते." मी वळून भाजीत मीठ घातलं. मग ते दुसऱ्यांदाही घातलं असावं, कारण रात्री कुणी जेवलं नाही.

या वर्षीच्या खंडेनवमीला मी तुमच्यासारखंच केलं. आता कायद्याने ते उघडं ठेवता येत नाही, म्हणून गोळ्या वेगळ्या कुलपात आणि रिव्हॉल्वर लोखंडी पेटीत, आणि पेटीच पाटावर. आईने पेटीला हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आज खंडेनवमी आहे की लक्ष्मीपूजन?" मग बाहेर जाऊन माझ्या गाडीला झेंडूचा हार बांधला, पुढे एक आणि मागे एक. मागे कशाला म्हटलं तर म्हणाली, "गाडी काय फक्त तोंडानेच चालते?" माझं गाडीखाली बघून झालं होतं. हार नंतर बांधला. तुम्ही होतात तेव्हापासून आईची ही सवय, आणि तुम्हीही कधी नाही म्हणाला नाहीत.

संध्याकाळी परत येताना पाऊस भुरभुरत होता. मोठा रस्ता सोडून मी आत वळले तेव्हा मागे एक गाडी वळली. पुढच्या चौकात मी मुद्दाम उलट्या बाजूला वळले. तीही वळली. आपल्याला शिकवलेलं असतं, पाठलाग वाटला तर घरी जायचं नाही. मी घराच्या रस्त्याला लागलेच नाही. घरी आई होती, पोरगी होती. मागचा माणूस दिवे उघडझाप करू लागला आणि माझ्या पाचावर धारण बसली. पुढे पेट्रोल स्टेशन दिसलं, उजेड, काचेपलीकडे गल्ल्यावर एक मुलगी. मी आत घेतली. तो माझ्यामागे आत आला, दार उघडं टाकून उतरला आणि जवळजवळ धावत माझ्या खिडकीशी आला. माझ्याच वयाचा असेल, दाढीची पांढरी खुंटं, पिवळं जाकीट. त्याने हात जाकिटाच्या आत घातला.

बाबा, माझा हात कमरेवर गेला. मी नेला नाही, तो गेला. जाकीट मागे सारलं, अंगठ्याने म्यानाचं बटण सोडायला गेले, दर महिन्याला नेमबाजीच्या रेंजवर करते तसं, आणि बोटं मिटली. तिथे काही नव्हतं. फक्त कुर्त्याचं कापड.

त्याने जाकिटातून मोबाईल काढला. काचेवर मूठ आपटून तो म्हणाला, "मिसेस, गेट आउट ऑफ द कार. देअर्ज समथिंग हँगिंग अंडरनीथ." गाडीखाली काहीतरी लोंबतंय. इथे वाढलेल्या कुणालाही हे वाक्य दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मी सीटबेल्ट काढला, बाहेर पडले, त्याने माझं मनगट धरून मला ओढत हवेच्या पंपापलीकडे नेलं. तो फोनवर पोलिसांचा नंबर दाबत होता आणि पुन्हा पुन्हा चुकत होता. महामार्गापासून तो माझ्यामागे होता, म्हणाला. आधी वाटलं दोरी असेल. मग वाटलं वायर आहे. मग दिवे दाखवले तर मी वेग वाढवला. त्याला घरी जाता आलं असतं, बाबा. ज्या गाडीखाली वायर आहे असं वाटतं, तिच्या मागे मागे कोण जातं?

आणि मग मला ओल्या जमिनीवर एक पाकळी दिसली. नारिंगी. पंपापासून माझ्या मागच्या चाकापर्यंत पाकळ्याच पाकळ्या. मी चालायला लागले. मागून तो ओरडला, "आर यू मॅड? कम बॅक! कम बॅक, वुमन!" असा ओरडला की आतली गल्ल्यावरची मुलगी उभी राहिली. मी गुडघे टेकले, वाकले, हात घातला आणि आईचा हार ओढून काढला. तो सुतळीसकट आतल्या सळईला गुंडाळला होता, अर्धा चिखल, अर्धा झेंडू. मी तो वर धरून म्हटलं, "फ्लॉवर्स. इट्स फ्लॉवर्स. माय मदर." यापेक्षा धड वाक्य मला सुचलं नाही. तो तिथेच पायरीवर बसला आणि डोकं हातात घेतलं. हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही. मी शेजारी बसले. त्याच्या उजव्या बाजूला की डाव्या, हे बघितलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आय थॉट यू वेअर डेड, मिसेस. आय हॅड यू डेड." मी म्हटलं, मीही. त्याला वाटलं, मी माझ्याबद्दल बोलतेय. मी त्याच्याबद्दल बोलत होते.

कारण ते कमरेला असतं तर? हे मी त्या दिवसापासून दिवसातून कितीदा तरी मनात चालवून बघते. आठ घरं होती. काच होती, पाऊस होता, एका माणसाचा हात जाकिटात होता. मी चांगली नेमबाज आहे, रेंजवरचा माणूस माझं कौतुक करतो. मला वाचवायला आलेला माणूस मी पेट्रोल स्टेशनवर मारून टाकला असता, आणि कोर्टाने कदाचित मला सोडलंही असतं. त्याला वाचवलं कुणी? माझ्या सद्सद्विवेकाने नाही. देवापुढच्या पाटाने.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईने अक्षता पुढे केल्या. उत्तरपूजेला त्या वाहायच्या, पाट जरा हलवायचा आणि ज्याची वस्तू त्याने उचलायची. मी विळी उचलून आईला दिली. स्टेथोस्कोप गळ्यात घातला. तुमच्या नातीचा लॅपटॉप तिला दिला, तिची एव्हाना चुळबुळ सुरू झाली होती. पेटी राहिली. अक्षता माझ्या मुठीत भिजल्या. आईने माझ्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. देवाला घाई नाही." ती उठून श्रीखंड बघायला गेली, आणि पेटी आठवडाभर तिथेच, वाळलेल्या झेंडूत.

शुक्रवारी तुमचा जावई आला. त्याला मी सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आणि खरोखरचा कुणी आला तर? तो काय हार घेऊन येणार आहे?" तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. तरीही मी पोलिसांना फोन केला, ते घेऊन जा म्हणून. आला तो तोच मोठा, हळू बोलणारा. "द थ्रेट हॅजन्ट गॉन, डॉक्टर. आर यू शुअर?" असं त्याने दारात विचारलं, बूट काढताना विचारलं आणि पेटी हातात घेतल्यावर पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. त्याच्या बोटांना कुंकू लागलं. उत्तरपूजा न करताच मी ते दिलं, तुम्हाला हे आवडलं नसतं. आता दाराला कॅमेरे आहेत, रस्ते मी अजूनही बदलते, आणि गाडीला नमस्कार तर रोज चालूच आहे. भीतीही आहे. ती कुणी लायसन्सबरोबर परत घेत नाही.

आज सकाळी तुमच्या नातीने ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकला, डबा विसरली, बस चुकवली आणि वर मलाच म्हणाली की मी तिला उठवलं नाही. मी ओरडले. पोटातून ओरडले, दोन वर्षांचं. टॉवेलपासून सुरुवात केली ती मार्च महिन्यातल्या फोनच्या बिलापर्यंत गेले. आई आतून म्हणाली, "हं, ते प्रोजेक्टचं राहिलं." पोरगी आधी डोळे फाडून बघत राहिली. मग म्हणाली, "ओ माय गॉड, आई, नेबर्सना ऐकू गेला असेल!" आणि हसत सुटली, आणि हसत हसत उजवीकडून येऊन मला घट्ट धरलं. मी सवयीने बाजूला झालेच. तिने सोडलं नाही.

ती शाळेत गेली आणि मी हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, तुमचा पत्ता कुणाकडे आहे! घडी करून आईच्या विळीखाली ठेवेन, पुढच्या नवमीपर्यंत. पोरीला माझ्या शांतपणाची भीती वाटते असं ती म्हणाली ना, तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण ती भीती मला ओळखीची होती. तुम्ही फार चांगले होतात. आम्हाला कधी बोट लावलं नाहीत. तरी मला तुमची भीती वाटायची, बाबा. तुम्ही ओरडायचात तो एक दिवस सोडून.